दाताला जीव असतो का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती हातात प्लास्टिकची बरणी घेऊन. बरणीत काय, तर काढलेले दात! वर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन आणखी मागून आणले. सुट्टीभर एक तर मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरत बसायची, नाहीतर गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी वहीत पेशी रंगवायची. मला डेंटिस्ट म्हणजे दात काढणारा, भरणारा, कवळी बसवणारा एवढंच ठाऊक. त्यासाठी हाताला वळण हवं, हे पटतं. पण दात म्हणजे शेवटी हाडाचा तुकडा. त्याच्या पेशीबिशी वर्षभर शिकून दवाखान्यात उपयोग काय? आणि मुळात दाताला जीव असतो का?
— एक पालक, बार्शी

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. दाताला जीव असतो, पण सगळ्या भागांना सारखा नसतो. वरचं पांढरं आवरण, म्हणजे इनॅमल, निर्जीव. त्याखालचं डेंटिन अर्धवट जिवंत. आतला पल्प पूर्ण जिवंत. आणि मुळाभोवतीचं पातळ वेष्टण त्या सगळ्यांहून जास्त जागं. डेंटिस्टच्या खुर्चीवर जे काही चालतं ते यातलं काय अजून जगलं-वाचलं आहे आणि कशाची आशा सोडायची, या हिशेबावर चालतं. पहिल्या वर्षात तुमची मुलगी तो हिशेब शिकते आहे.

'हाडाचा तुकडा' ही समजूत मात्र सोडून द्या. हाडातलं जुनं काढायचं आणि नवं घालायचं हे काम शरीर आयुष्यभर करत असतं, म्हणून तर मोडलेला हात प्लास्टरमध्ये जुळून येतो. दाताचा टवका उडाला तर तो कधीच भरून येत नाही. का येत नाही, हे त्या बरणीतल्या दातांवरूनच मुलीला कळणार आहे.

बरणीबद्दल संकोच नको. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दात दिले, कारण कधीकाळी तेही कुणाच्या तरी दारात अशीच बरणी घेऊन उभे होते. ते दात ओले ठेवावे लागतात, वाळले की ठिसूळ होतात. वापरण्याआधी ते ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक करतात. चांदी भरलेला दात मात्र त्यात घालायचा नाही, कारण त्या चांदीत पारा असतो आणि उष्णतेने त्याची वाफ होते. मुलीला हे एकदा विचारून घ्या. तिला ठाऊक असेल तर कॉलेज चांगलं शिकवतंय.

आता त्या दातांचं काय करतात ते पाहा. दाताची चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली घासायची. दात उभा धरून लेथच्या चाकावर दोन्ही बाजूंनी झिजवायचा, मग उरलेला पापुद्रा ओल्या दगडावर बोटाने गोल गोल घासत बसायचं. त्याखाली छापील कागद धरला तर अक्षरं दिसायला हवीत, इतका पातळ. जाडी साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. दातापेक्षा बोटाची कातडीच आधी झिजते, आणि जमत आलं असं वाटतं तेवढ्यात इनॅमलचा कोपरा टचकन उडतो. ज्याची चकती पहिल्या प्रयत्नात धड निघाली असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. पण निघाली की इनॅमल डोळ्यांसमोर असतं, त्याच्या कांड्यांसकट, रेषांसकट. पेशी मात्र एकही नाही. त्या घासण्यात केव्हाच गेल्या.

दुसरी रीत आम्लाची. दात विरळ नायट्रिक ॲसिडमध्ये काही दिवस ठेवायचा. त्यातले क्षार विरघळतात, दात मऊ पडतो, बोटांनी वाकवता येतो. मग तो मेणात बसवून मायक्रोटोमवर त्याचे पाच-सात मायक्रॉनचे काप काढायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रकं जांभळी होतात, बाकीचं बहुतेक गुलाबी. तुमच्या मुलीच्या दोन पेन्सिली त्या याच. या स्लाइडमध्ये पेशी ओळीने उभ्या दिसतात, रक्तवाहिन्या दिसतात, सगळं दिसतं. फक्त इनॅमलच्या जागी मोकळी जागा असते.

कारण इनॅमलमध्ये वजनाने सुमारे 96 टक्के खनिजच असतं, उरलेलं बरंचसं पाणी. आम्लात खनिज गेलं की मागे धरून ठेवायला काही उरतच नाही. डेंटिनमध्ये खनिज 70 टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजेनचं जाळं आणि पाणी. खनिज गेलं तरी जाळं उरतं, म्हणून ते वाकतं पण टिकतं. विद्यार्थी दोन्ही स्लाइड शेजारी ठेवतो तेव्हा त्याला कळतं, की शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आणि आम्लापुढे पूर्ण हार मानणारा पदार्थ हे एकच आहेत. कॉलेजात जे नायट्रिक ॲसिडने होतं, ते तोंडात साखर खाणाऱ्या जंतूंच्या आम्लाने होतं, बरंच हळू.

इनॅमल घडवणाऱ्या पेशी, अमेलोब्लास्ट, हिरडीच्या आत काम करतात. रोज साधारण चार मायक्रॉनचा थर घालत त्या मागे सरकतात. दाढेच्या टोकावरचं दोन-अडीच मिलिमीटर जाड इनॅमल घालायला त्यांना दीड-दोन वर्षं लागतात. या कामाच्या खुणा मागे राहतात. रोजची बारीक रेघ, आणि दर सात-आठ दिवसांनी एक ठळक रेघ, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी. स्वीडनच्या अँडर्स रेट्झिअस यांनी 1837 साली या ठळक रेघा पाहिल्या, म्हणून त्यांना रेट्झिअसच्या रेषा म्हणतात. त्यातली एक रेघ खास असते. बाळ आईच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा त्याचं खाणं, श्वास, तापमान सगळं एका दिवसात बदलतं, आणि त्याच्या दुधाच्या दातांत तेवढ्यापुरती एक गडद रेघ उमटते. जन्माआधीचं इनॅमल एका बाजूला, नंतरचं दुसऱ्या बाजूला. कायमच्या पहिल्या दाढेची घडणही जन्माच्या सुमारासच सुरू होते, त्यामुळे ही रेघ तिच्या टोकांतही सापडते. म्हणजे तुमच्या मुलीच्या तोंडात तिच्या जन्माची नोंद बहुधा अजून आहे. जन्मदाखला हरवला तरी ती हरवणार नाही. (नगरपालिकेत चालणारही नाही, हे खरं.)

ही नोंद किती टिकते याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुलं तिथे सापडली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांचे दात तपासले. दुधाच्या सुळ्यांच्या पुढच्या बाजूला काही मुलांत बारीक खळगे होते. सुळ्याचं इनॅमल अगदी तान्ह्या वयात घातलं जातं, तेव्हा त्या मुलांची किंवा त्यांच्या आयांची आबाळ झाली असणार असा त्याचा अर्थ लावता येतो. हाडांवर असा ताण पडला तरी शरीर पुढे ते हाड नव्याने घडवून खूण पुसून टाकू शकतं. इनॅमल पुसलं जात नाही. दात हिरडीतून वर येतो तेव्हा अमेलोब्लास्ट पेशी झडून जातात. कारागीरच उरत नाहीत, मग डागडुजी कोण करणार? टवका भरून का येत नाही, त्याचं कारण हे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांचे दात पिवळट-तपकिरी, डागाळलेले दिसतात. पण विशीत लग्न होऊन त्या गावात आलेल्या सुनेचे दात तेच पाणी पिऊन डागाळत नाहीत, तिच्या मुलांचे डागाळतात. ती आली तेव्हा तिचं इनॅमल घालून झालेलं होतं. अक्कलदाढा सोडल्या तर आठव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दातांचं हे काम संपतं. टेट्रासायक्लिन हे औषध आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, त्याचं कारणही हेच. ते घडत्या दातात जाऊन बसतं आणि मग निघत नाही.

निर्जीव म्हणजे अगदी निराधार, असं मात्र नाही. तोंडातला पी.एच. 5.5 च्या खाली गेला की इनॅमलचे क्षार सुटू लागतात, वर आला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा जागेवर बसू लागतात, फ्लोराइड त्याला मदत करतं. म्हणून दातावर खडूसारखा पांढरा ठिपका दिसला आणि खड्डा अजून पडलेला नसला, तर चांगला डेंटिस्ट तिथे ड्रिल लावत नाही, टोकदार सुईने टोचूनही पाहत नाही. जुने लोक टोचायचे. वरचा पापुद्रा तेवढाच शाबूत असतो आणि टोचल्याने तोही फुटतो, हे आता शिकवलं जातं.

डेंटिन वेगळं. त्याच्या पेशी, ओडोंटोब्लास्ट, पल्पच्या कडेला रांगेने उभ्या असतात आणि दात जगतो तोवर जगतात. त्यांचे धागे डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्यांत शिरलेले असतात. पल्पजवळ अशा नळ्या एका चौरस मिलिमीटरमध्ये 40 हजारांहून जास्त. नळ्यांत द्रव असतो. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं की गार पाण्याने तो द्रव हलतो, आतले मज्जातंतू चाळवतात आणि माणूस कळवळतो. ही उपपत्ती ब्रॅनस्ट्रॉम यांनी मांडली. सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टपैकी बऱ्याचशा या नळ्यांची तोंडं बुजवायचं काम करतात. कीड हळूहळू आत येत असेल तर याच पेशी मागे नवं डेंटिन घालून पल्पला आडोसा करतात. त्यामुळे खोल किडलेल्या दाढेत पल्पजवळचा मऊ थर सगळाच्या सगळा खरवडून न काढता थोडा तसाच ठेवून वर घट्ट भरून टाकणं, हे आज मान्य आहे. आडोसा घालायला पेशींना वेळ मिळतो आणि रूट कॅनाल टळू शकतं.

आता तुमच्या 'दवाखान्यात उपयोग काय' या प्रश्नाचं सगळ्यांत सरळ उत्तर देते. रात्री दोन वाजता दाढ ठणकायला लागते. सकाळी पेशंट येतो, गालावर हात. "कुठली दाढ?" "ते कळत नाही हो, कानापर्यंत जातंय. वरची का खालची तेही सांगता येत नाही." तोच पेशंट घरी परत गेला, चार दिवस गोळ्या खाल्ल्या आणि पुन्हा आला, की बोट ठेवून सांगतो, "हीच. जीभ लागली तरी दुखते." मधल्या चार दिवसांत काय झालं? पल्पला वेदना कळते, पण वेदना कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा त्यात जवळजवळ नसते. तो कठीण भिंतींत कोंडलेला असल्यामुळे सूज पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि तो मरतो. मग दाह मुळाच्या टोकातून बाहेर, वेष्टणात येतो. या वेष्टणाला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाड, पण जागा दाखवण्यात अचूक. म्हणून डेंटिस्ट आरशाची दांडी उलटी धरून एकेका दातावर हलकेच टकटक करतो. बाहेरून ते भोंदूपणाचं वाटतं. खरं तर तो दाह पल्पमध्येच आहे की बाहेर पडला, हे विचारत असतो, आणि उत्तरावर पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते.

भातात खडा आला की जबडा आपोआप थबकतो, तेही या लिगामेंटचंच काम. आणि मुलीच्या मेणाच्या दाढांचं उत्तर इथेच मिळतं. दाढेच्या पाठीवरचे उंचवटे आणि घळी समोरच्या दाढेशी नेमक्या जुळलेल्या असतात. भरलेलं सिमेंट किंवा कॅप कागदाच्या जाडीइतकी उंच राहिली तरी पेशंट म्हणतो, "डॉक्टर, उंच लागतंय." मग रंगीत कागद चाववून जिथे ठिपका उमटेल तिथे घासायचं. कुठला उंचवटा ठेवायचा आणि कुठला घासायचा, हे ज्याच्या हाताने मेणात शंभरदा कोरलंय त्यालाच पटकन कळतं. इम्प्लांटभोवती हे लिगामेंट नसतं, स्क्रू थेट हाडात बसतो. त्यामुळे तिथे उंच लागलेलं पेशंटला तितकंसं कळतही नाही, डॉक्टरलाच जास्त जपावं लागतं. तारांनी दात सरकतात ते लिगामेंटमुळेच. दाब पडेल तिकडचं हाड शरीर झिजवतं, ताण पडेल तिकडे नवं घालतं. इम्प्लांट कितीही ओढा, सरकत नाही.

घरात लहान मुलं असतील तर पुढचं नीट वाचा. खेळताना पडून कायमचा पुढचा दात मुळासकट निघाला, तर तो परत बसू शकतो. मुळावर लिगामेंटच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्या वाचवायच्या. दात वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मूळ घासू-पुसू नका. माती असेल तर क्षणभर धुवा आणि जमलं तर तिथेच खोबणीत बसवा. धीर होत नसेल तर गार दुधाच्या पेल्यात टाका आणि डेंटिस्ट गाठा, शक्यतो अर्ध्या तासात. पाण्याच्या पेल्यात ठेवू नका, पाण्याने त्या पेशी फुगून फुटतात. रुमालात गुंडाळलात तर वाळून मरतात. पेशी मेल्यावरही दात बसवता येतो, पण मग हाड त्याला थेट चिकटतं, शरीर त्यालाही हाडच समजून हळूहळू खाऊन टाकतं. तेव्हा तो तुमच्या म्हणण्याप्रमाणे खरोखर हाडाचा तुकडा ठरतो. दुधाचा दात निघाला असेल तर मात्र बसवायचा नाही, आतल्या कायमच्या दाताच्या कळीला इजा होते.

एवढं दातांचं झालं. मुलीच्या वहीत गालाच्या, हिरडीच्या, टाळूच्या, जिभेच्या अस्तराची चित्रंही असतील. पोरांना हा भाग रटाळ वाटतो, आणि मला तो महाराष्ट्रात सगळ्यांत गरजेचा वाटतो. गालाचं अस्तर मऊ आणि ताणणारं असतं, कारण त्याखालचं कोलॅजेन सैल असतं. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षं गालात ठेवला की तिथल्या पेशी कोलॅजेन जास्त घालतात, आणि ते नीट मोडलंही जात नाही. गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, बोटाने चाचपला तर दोऱ्या लागतात. वरचं अस्तर पातळ होतं, म्हणून आधी तिखट सोसेनासं होतं आणि मग तोंड उघडेनासं होतं. 1952 साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी इथले रुग्ण मांडले. याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडात आपलीच तीन बोटं उभी घालू न शकणारी विशीतली पोरं आमच्या ओ.पी.डी.त अजून रोज येतात. "मला मिसळ हल्ली झोंबते" एवढंच म्हणत कुणी आला, तर त्याच्या गालाला बोट लावून पाहायचं ज्याला सुचेल, त्याने पहिल्या वर्षी निरोगी गालाची स्लाइड लक्ष देऊन पाहिलेली असते.

प्रश्न : जपानमध्ये दात उगवणारं औषध निघालंय, असा मेसेज फिरतोय. माझं वय 68. खालच्या चार दाढा गेल्यात. कवळी करायची थांबवू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : थांबू नका. मेसेज पूर्ण खोटा नाही, एवढं मान्य. यू.एस.ए.जी.-1 नावाचं एक प्रथिन दाताच्या कळीची वाढ रोखतं. ते अडवलं तर उंदरांत आणि फेरेट नावाच्या प्राण्यात जादा दात उगवले. क्योटोमध्ये 2024 साली माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, ती मुळात औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी. संशोधकांचा पहिला रोख जन्मतःच अनेक दात नसलेल्यांवर आहे. कळीच नसेल तर औषध उगवणार काय, हा प्रश्न तुमच्या-माझ्या वयाला लागू पडतो.

तोवर तुमचा जबडा काही थांबणार नाही. दाढ गेली की तिच्याबरोबर लिगामेंट जातं, आणि दात धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात जास्त, नंतर सावकाश. त्यामुळे आज बेताची बसलेली कवळी काही वर्षांनी हलायला लागेल, ती कारागिराची चूक नाही. हलली की आतून अस्तर करून घ्यायला डॉक्टरकडे जा. चिकटवायची पावडर दर महिन्याला वाढवत नेऊ नका, आणि सैल कवळीने एकाच जागी खरचटून झालेला फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर तो दाखवायला उशीर करू नका.